पैठणीचे फोटो हलके करताना: नेक्स्ट आणि शार्पची माझी मांडणी

फोटो हलके करायचे म्हटलं की बहुतेक जण आधी क्वालिटीचा आकडा शोधतात. ऐंशी ठेवू की सत्तर? मी त्या आकड्याला सगळ्यात शेवटी हात लावते. त्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या असतात. मूळ फोटो कुठून येतो, स्क्रीनवर तो किती रुंद दिसणार, आणि त्यातलं काय बिघडलं तर गिऱ्हाईक पाठ फिरवेल.

खालचं सगळं मी येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानाच्या वेब अ‍ॅपवरून सांगतेय. नेक्स्ट जेएस या जावास्क्रिप्टच्या चौकटीत लिहिलेलं, एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर चालणारं, फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फाइलींच्या ऑनलाइन कोठीत, आणि ते बारीक करायला शार्प ही लायब्ररी. तुमचं दुकान हापूसचं असेल नाहीतर जुन्या पुस्तकांचं, पायऱ्या त्याच, आकडे बदलतील. साडी उदाहरणाला बरी, कारण कॉम्प्रेशनच्या जवळजवळ सगळ्या खोडी तिच्यात एकदम दिसतात. गडद लाल, जरीची चमक, बारीक चौकडी, आणि रंग जरा हलला तरी पार्सल परत. दुकानाचे मालक, काका, यांनी सुरुवातीलाच अट घातली होती, "ताई, बाकी काय करायचं ते करा, रंगाला हात लावू नका. फोटोत राणी आणि हातात वांगी आला की साडी परत येते, आणि दोन्ही बाजूंचं भाडं आपल्या बोकांडी."

सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिते. कोडमध्ये अर्थात इंग्रजी स्पेलिंगच येईल.

आधी मूळ फोटो मूळच आहे का ते बघा

काकांचा मुलगा फोनवर फोटो काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. इथेच अर्धं नुकसान झालेलं असतं. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याचं माप कमी करतं आणि जेपेग पुन्हा दाबून बसवतं. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी करतं. त्यामुळे जरीच्या काठाभोवती धुरकट ठिपके येतात. आपण तोच फोटो पुन्हा कॉम्प्रेस केला की ते ठिपकेही इमानेइतबारे जपले जातात, फाइल मात्र हवी तेवढी उतरत नाही.

म्हणून पहिला नियम: फोटो अ‍ॅडमिन पॅनेलमधूनच अपलोड करायचा. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. हे सांगायला कोडची एक ओळ लागत नाही, आणि पुढच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा याचा फायदा जास्त.

दुसरी अडचण आयफोनची. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, आयफोन फोटो हेइक स्वरूपात साठवतो. फोनवरच्या ब्राउझरमधून निवडला तर तो बहुधा जेपेग होऊन येतो, पण मॅकवरून किंवा ड्राइव्हवरून चढवला की हेइक तसाच दारात उभा. शार्पची एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून) येणारी तयार आवृत्ती हेइक उघडत नाही, कारण आतल्या एचईव्हीसी या दाबायच्या पद्धतीवर पेटंट आहेत. शार्पच्या आत चालणारी लिबव्हिप्स ही लायब्ररी स्वतः बांधून घेता येते, पण एका दुकानासाठी तो उद्योग मी करत नाही. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली 'मोस्ट कंपॅटिबल' निवडायला सांगते आणि अपलोड पानावर हेइक आला तर सरळ मराठीत संदेश दाखवते. 'अनसपोर्टेड इनपुट' असं लाल अक्षरात दिसलं की काकांचा फोन येतो.

अपलोडच्या वेळी

पुढे एनजिन्क्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' ही सेटिंग तपासा. न सांगता ती १ एमबी असते. फोनचा साधा फोटोही त्याहून मोठा, त्यामुळे ४१३ ही चूक येते आणि तुम्ही नेक्स्टच्या लॉगमध्ये शोधत बसता, जिथे काहीच नसतं. मी २५ एमबी ठेवते.

फाइलच्या नावातल्या शेपटीवर विश्वास ठेवू नका. जेपेगचे पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ असतात. शार्पला 'मेटाडेटा' विचारला की खरं स्वरूप कळतं, तेच ग्राह्य धरा. एसव्हीजी, म्हणजे कोडमध्ये लिहिलेली रेघा-आकारांची चित्रं, अपलोड होऊ देऊ नका, त्यात स्क्रिप्ट दडवता येते.

पिक्सेलवरही मर्यादा हवी. शार्पची 'लिमिट इनपुट पिक्सेल्स' मुळात २६,८४,०२,६८९ असते, म्हणजे १६,३८३ चा वर्ग. काही केबीचा पीएनजी उलगडल्यावर मेमरीत अवाढव्य होऊ शकतो, आणि एक जीबी रॅमच्या सर्व्हरला कोलमडायला तेवढं पुरतं. मी सहा कोटींवर आणून ठेवलीय. ५० मेगापिक्सेलचा फोटो त्यात आरामात बसतो, त्यापुढचं या दुकानाला नको.

आता दिशा. फोन उभा धरून काढलेला फोटो पुष्कळदा आडवाच साठवला जातो आणि 'मला फिरवून दाखवा' अशी नोंद एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत, असते. शार्प बाहेर टाकताना सगळा मेटाडेटा काढून टाकतं, म्हणजे ती नोंदही जाते आणि पदर आडवा लोळतो. त्यामुळे साखळीत अगदी पहिल्यांदा 'रोटेट' काहीही आकडा न देता लावा. नव्या आवृत्त्यांत त्यालाच 'ऑटोओरिएंट' असंही नाव आहे. पायथनवाल्यांसाठी पिलो या लायब्ररीत 'एक्झिफ ट्रान्सपोज' आहे. मेटाडेटा जातोय ही चांगलीच गोष्ट. येवल्यात माग पुष्कळदा विणकराच्या घरातच असतो, तिथे काढलेल्या फोटोत त्या घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात. ते दुकानाच्या वेबसाइटवर जायचं कारण नाही.

अपलोडची विनंती आली की मूळ फाइल स्टोरेजच्या एका खाजगी बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यात, जशीच्या तशी ठेवायची, जॉब क्यूमध्ये (मागे करायच्या कामांच्या रांगेत) नोंद टाकायची, आणि पान लगेच मोकळं करायचं. बाकी दळण मागे चालू दे. मूळ फाइलवर कधीही काही लिहायचं नाही. उद्या नवं स्वरूप आलं तर तिथूनच पुन्हा सगळं काढता येतं.

माप

सगळ्यात जास्त वजन मापातून उतरतं. लांबी-रुंदी अर्धी केली की पिक्सेल एक चतुर्थांश होतात. क्वालिटीचा कुठलाही आकडा एवढं देत नाही, आणि इथे डोळ्याला काही जाणवतही नाही, कारण ते जादाचे पिक्सेल स्क्रीनवर कधी दिसणारच नव्हते.

नेक्स्टच्या कॉन्फिगमधल्या 'इमेजेस' या भागात 'डिव्हाइस साइझेस' आणि 'इमेज साइझेस' अशा दोन याद्या असतात. पहिलीत मुळात आठ मापं, ६४० पासून ३८४० पर्यंत. दुसरीत नव्या आवृत्त्यांत एखादं कमी, पण जुन्या आवृत्त्यांत तीही आठ, १६ पासून ३८४ पर्यंत. सोळा मापं, दोन स्वरूपं, म्हणजे एका फोटोची बत्तीस रूपं होऊ शकतात. ६०० साड्या आणि प्रत्येकीचे ५ फोटो धरले तर ९६,००० फाइली. प्रत्यक्षात सगळी मापं मागितली जात नाहीत, पण ३८४० रुंदीचा पदर कोण बघणार? मी मापं पाच ठेवली: ३२०, ४८०, ७२०, १०८०, १६००. झूमसाठी वेगळं २४००, तेही बोट लावल्यावरच उतरणारं.

याद्या छाटून भागत नाही. खरी गळती 'साइझेस' या गुणधर्मात असते. ब्राउझर फोटो निवडतो तेव्हा पानाची मांडणी त्याला अजून ठाऊक नसते. तुम्ही सांगितलं नाही तर तो गृहीत धरतो की फोटो स्क्रीनभर रुंद आहे. आमच्या यादीच्या पानावर मोबाइलवर दोन रांगा शेजारी शेजारी आहेत. ३६० पिक्सेल रुंदीचा, तिप्पट घनतेचा फोन धरा. फोटो दिसतो १८० रुंद, म्हणजे ५४० पिक्सेल पुरे, ७२० ची फाइल चालते. 'साइझेस' नसेल तर तोच फोन ३६० गुणिले ३ करून १०८० ची फाइल ओढतो. सव्वादोनपट पिक्सेल, प्रत्येक साडीमागे, काहीही जास्त न दाखवता.

म्हणून तिथे लिहायचं ते असं: १२८० पिक्सेलच्या वर २८० पिक्सेल, ७६८ च्या वर २५ व्हीडब्ल्यू (म्हणजे स्क्रीनच्या रुंदीच्या २५ टक्के), आणि एरवी ५० व्हीडब्ल्यू. क्रम महत्त्वाचा, पहिली जुळणारी अट लागू होते. नेक्स्टचा 'फिल', म्हणजे जागा भरेल तसा फोटो, वापरत असाल तर हे अजिबात विसरू नका, कारण तिथे न सांगता १०० व्हीडब्ल्यूच धरलं जातं. सीएसएसमध्ये रांगा बदलल्या की ही ओळही बदलायची. मी दोन्ही एकाच फाइलमध्ये शेजारी ठेवते, म्हणजे एक बदलताना दुसरी डोळ्यासमोर असते.

शार्पच्या 'रिसाइझ'मध्ये दोन गोष्टी चालू-बंद करायच्या. 'विदाउट एनलार्जमेंट' चालू, म्हणजे छोटा फोटो ताणून मोठा होणार नाही. आणि 'फास्ट श्रिंक ऑन लोड' बंद. हा पर्याय मुळात चालू असतो आणि वेगासाठी जेपेग उघडतानाच लहान करून घेतो; त्यात बारीक रेघांवर किंचित मोआरे, म्हणजे लाटांसारखी नक्षी, येऊ शकते. कुत्र्या-मांजरांच्या फोटोत ते कळणारही नाही. बारीक चौकडीच्या साडीत मात्र विणकराने न विणलेली नक्षी उमटते. थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल.

स्वरूप आणि रंग

इथे थोडं आत शिरावं लागेल.

माणसाचा डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो, रंगातला तेवढा नाही. याचा फायदा घेऊन जेपेग, १९९२ च्या प्रमाणकापासूनच, उजेड आणि रंग वेगळे साठवतं. उजेड प्रत्येक पिक्सेलचा, रंग मात्र पुष्कळदा चार पिक्सेलमागे एक. याला ४:२:० म्हणतात. निसर्गचित्रात, चेहऱ्यात हे खपून जातं. पण डाळिंबी अंगावर पोपटी मुनिया, म्हणजे विणलेले पोपट, बघा. लाल आणि हिरवा यांच्यातला मोठा फरक रंगाचा, आणि रंगच आपण पातळ केलाय. मुनियाच्या चोचीची कड लालात मिसळते. जरीच्या बारीक रेघेचा पिवळेपणा शेजारच्या धाग्यावर सांडतो. लोक म्हणतात "क्वालिटी वाढवा". शार्पमध्ये नुसती क्वालिटी ९५ केली तरी हे जात नाही, कारण ती चार पिक्सेलमागची काटकसर तशीच राहते.

उपाय एका ओळीचा आहे. शार्पच्या जेपेग पर्यायांत 'क्रोमा सबसॅम्पलिंग' ४:४:४ करा. फाइल थोडी वाढते. ती वाढ मला मान्य आहे.

आता वेबपी. गुगलने २०१० मध्ये आणलं, सफारीतही ते २०२० पासून चालतं, आणि नेक्स्टच्या 'फॉरमॅट्स' यादीत मुळात तेच एक असतं. बातम्या, ब्लॉग, माणसांचे फोटो यांना ते उत्तम. पण तपशील गाळणाऱ्या वेबपीत रंग कायम ४:२:० च असतो, ४:४:४ चा पर्यायच नाही. 'स्मार्ट सबसॅम्पल' चालू केलं तर कडा सुधारतात, पुरत्या सावरत नाहीत. काहीच न गाळणारं वेबपी आहे, पण फोटोसाठी ते फार जड.

एव्हिफ २०१९ चं. क्रोममध्ये २०२० पासून, फायरफॉक्समध्ये २०२१, सफारीत २०२२ मधल्या आयओएस १६ पासून, एजमध्ये २०२४ पासून. त्यात ४:४:४ चालतं आणि शार्प मुळात तेच वापरतं. गडद सपाट भागही ते छान सांभाळतं. काळ्या चंद्रकळेच्या चुण्यांमध्ये जेपेग जे पट्टे पाडतं ते एव्हिफमध्ये पुष्कळ कमी दिसतात. दोष दोन. तयार व्हायला वेळ लागतो, आणि क्वालिटी फार उतरवली की पोत गुळगुळीत करून टाकतं. रेशीम प्लास्टिकसारखं दिसायला लागतं.

हे सगळं बघून मी या अ‍ॅपमध्ये वेबपी ठेवलंच नाही. एव्हिफ, आणि ज्याला ते कळत नाही त्या जुन्या फोनला ४:४:४ चं जेपेग, मोझजेपेग (जेपेग आणखी हलकं बनवायची सोय) चालू करून. 'तिन्ही ठेवा' असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण प्रत्येक जास्तीचं स्वरूप म्हणजे साठवण, वेळ, आणि तपासायची आणखी एक जागा. सहा मापं आणि दोन स्वरूपं, एका फोटोच्या बारा फाइली. पुरे.

राहिला काकांचा राणी रंग. नव्या फोनचे फोटो पुष्कळदा पी३ या मोठ्या रंगपटात असतात आणि सोबत एक आयसीसी प्रोफाइल असतं, 'हे आकडे पी३ चे समजा' असं सांगणारं. एखाद्या टूलने आकडे तसेच ठेवून फक्त प्रोफाइल काढून टाकलं, तर ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे, म्हणजे वेबच्या नेहमीच्या लहान रंगपटाचे, समजतो आणि रंग मंद दिसतात. राणीचा वांगी इथेच होतो. इमेजमॅजिक या टूलचा 'स्ट्रिप' पर्याय नेमकं हेच करतो. शार्प आधी आकड्यांचं एसआरजीबीत रूपांतर करतं आणि मग प्रोफाइल काढतं, त्यामुळे तिथे वेगळं काही करावं लागत नाही. पण अपलोडच्या आधी कुणी 'फोटो हलके करणारं' दुसरं एखादं अ‍ॅप वापरत असेल तर विचारून घ्या. फोनची ब्यूटी मोड आणि दुकानातला पिवळा बल्ब यांना कुठलंही कॉन्फिग पुरं पडत नाही, ते वेगळं.

लोगो आणि चिन्हं एसव्हीजी, एसव्हीजीओ या हलकं करणाऱ्या टूलमधून एकदा काढून. मजकुराचं चित्र, जसं पार्सलच्या दरांचा तक्ता, मुळात चित्र म्हणून ठेवूच नका, एचटीएमएलमध्ये लिहा.

आता क्वालिटी

सोपा फोटो घेऊन आकडा ठरवला की अवघड फोटो तुम्हाला तोंडघशी पाडतो. म्हणून मी दुकानातले सगळ्यात वाईट निवडते. डाळिंबी-पोपटी पदर, जरीच्या काठाचा क्लोजअप, काळी चंद्रकळा, फिकट अबोली सपाट अंग, आणि बारीक चौकडी. प्रत्येकाची ७२० ची फाइल एव्हिफमध्ये ४०, ५०, ६०, ७० अशी काढायची. गुगलच्या क्रोमवाल्यांचं स्क्वूश ब्राउझरमध्येच दोन रूपं शेजारी दाखवतं, सुरुवातीला तेवढं पुरतं.

मग फोन हातात घ्यायचा. लॅपटॉपवर चारशे टक्के झूम करून निर्णय घेऊ नका, गिऱ्हाईक तसं बघत नाही. नेहमीच्या अंतरावरून, नेहमीच्या उजेडात. मी फाइलींना क, ख, ग, घ अशी नावं देऊन काकांच्या फोनवर उघडली आणि विचारलं, यातली साडी कुठली खरी वाटते? आकडा दिसला की माणूस मोठ्याकडे झुकतो, म्हणून आकडे लपवले. पन्नासला काका चंद्रकळेवर काही बोलले नाहीत, अबोलीवरही नाही. जरीचा क्लोजअप आल्यावर फोन जवळ घेतला आणि म्हणाले, "ही जरी आहे? ही तर पट्टी चिकटवल्यासारखी दिसतेय." साठला काही तक्रार नव्हती. सत्तर आणि साठ त्यांना वेगळे ओळखता आले नाहीत, तेव्हा साठ.

याद्यांच्या छोट्या फोटोंना, ४८० पर्यंत, पन्नास, ७२० पासून वर साठ, जेपेगला ८०. हे माझे आकडे, तुमचे वेगळे येतील. एक लक्षात ठेवा, एव्हिफचा साठ आणि जेपेगचा साठ यांचा आपसात काही संबंध नाही. शार्पमध्ये जेपेगचा मूळ आकडा ८० आणि एव्हिफचा ५० आहे, यावरून काय ते समजा. एव्हिफचा 'एफर्ट' ० ते ९ असतो, मुळात ४. मी तो तसाच ठेवते. वाढवला की छोटा सर्व्हर दमतो आणि वजनात त्या मानाने फार थोडं मिळतं.

कधी बनवायचं: मागणीला की आधीच

नेक्स्टची सोय मागणी आल्यावर फोटो बनवायची आहे. पहिल्या माणसाला थांबावं लागतं, पुढच्यांना कॅशमधून मिळतो. ती कॅश 'डॉट नेक्स्ट' फोल्डरमध्ये राहते. तुम्ही कंटेनरने डिप्लॉय करत असाल, म्हणजे दर नव्या आवृत्तीला डबाच नवा चढत असेल, आणि ते फोल्डर कायमच्या व्हॉल्यूमवर नसेल, तर प्रत्येक डिप्लॉयनंतर कॅश कोरी होते. मग संध्याकाळी बटणाचा रंग बदलून डिप्लॉय केलं की सगळ्या साड्या पुन्हा पहिल्यापासून, तेही एव्हिफमध्ये, एका सीपीयूवर. असं चालवायचंच असेल तर फोल्डर व्हॉल्यूमवर ठेवा, 'मिनिमम कॅश टीटीएल' वाढवा आणि 'रिमोट पॅटर्न्स'मध्ये फक्त तुमच्या बकेटचा पत्ता द्या. तिथे सगळ्यांना मोकळीक दिली तर कुणीही स्वतःचे फोटो तुमच्या सर्व्हरकडून फुकट बारीक करून घेईल.

लाखो फोटो असतील आणि त्यातले थोडेच बघितले जात असतील, तर मागणीला बनवणं बरोबर. दुकानात रोज मोजक्या साड्या चढतात आणि बघणारे पुष्कळ. इथे अपलोडलाच सगळं बनवून टाकणं शहाणपणाचं. म्हणून या अ‍ॅपमध्ये नेक्स्टचा इमेज कॉम्पोनेंट साडीच्या फोटोंना वापरलाच नाही. साधा 'पिक्चर' टॅग. आत एक 'सोर्स' एव्हिफचा, 'टाइप' सांगून, 'सोर्ससेट' (मापांप्रमाणे फाइलींची यादी) आणि 'साइझेस' देऊन. खाली 'इमेज' टॅगमध्ये जेपेगचं तेच. जॉब एका वेळी एकच फोटो घेतो. घाई कुणालाच नाही.

'विड्थ' आणि 'हाइट' नेहमी द्या, म्हणजे फोटो येईपर्यंत जागा राखली जाते आणि पान खाली-वर उडत नाही. त्या राखलेल्या जागेला मी साडीचाच रंग देते. शार्पचं 'स्टॅट्स' फोटोतला मुख्य रंग सांगतं, तो डेटाबेसमध्ये ठेवायचा. कधी कधी भिंतीचा रंग मुख्य ठरतो आणि मोरपंखी साडीच्या जागी क्षणभर चुनखडी दिसते. फोटोचा मधला भाग कापून मोजलं की बहुतेक वेळा सुटतं.

'लोडिंग लेझी' सगळ्यांना सरसकट लावू नका. पान उघडताच जो मोठा फोटो दिसतो त्याला लेझी लावलं की ब्राउझर उलट उशिरा जागा होतो. गुगलच्या मोजमापात हा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसला तर चांगलं, आणि तेही शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत. साडीच्या पानावर पहिल्या फोटोला 'फेच प्रायॉरिटी हाय', बाकीच्यांना लेझी. यादीच्या पानावर पहिल्या चार फोटोंना लेझी नाही, प्रायॉरिटी फक्त पहिल्याला. सगळेच महत्त्वाचे म्हटलं की कुणीच नाही.

फाइलच्या नावात मूळ फोटोचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) आणि कृतीचा, म्हणजे माप-क्वालिटीच्या सेटिंगचा, क्रमांक घाला. मग कॅश-कंट्रोलमध्ये 'पब्लिक, मॅक्स-एज ३१५३६०००, इम्यूटेबल' बिनधास्त देता येतं, म्हणजे वर्षभर. क्वालिटी बदलली की कृतीचा क्रमांक बदलतो, नाव बदलतं, जुनी कॅश आपोआप निरुपयोगी. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये हा हेडर आणि कंटेंट-टाइप फाइल चढवतानाच द्यायचे. काही जुन्या टूलना एव्हिफ ओळखता येत नाही, मग लिंक उघडल्यावर फोटो दिसायच्या ऐवजी डाउनलोड होतो. जीझिप, म्हणजे पाठवताना फाइल दाबायची सोय, जेपेग आणि एव्हिफला लावू नका, काही उरलेलं नसतं दाबायला. एसव्हीजीला मात्र लावा, एनजिन्क्स ते आपणहून करत नाही.

तपासणी

ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये फक्त चित्रं गाळून घ्या, कॅश बंद करा, मोबाइलचं माप निवडा. 'टाइप'खाली एव्हिफ दिसतंय का? मग कुठल्याही फोटोवर उजवं क्लिक करून इन्स्पेक्ट करा आणि कन्सोलमध्ये त्याचा 'करंट सोर्स' विचारा. ७२० अपेक्षित असताना १०८० आला तर 'साइझेस' चुकलंय, ९० टक्के वेळा तिथेच असतं. क्रोममधलं पान तपासणारं लाइटहाउस चालवा, पण त्याचे गुण शंभर करायच्या नादी लागू नका. जरीसाठी दिलेलं ४:४:४ त्याला कळत नाही. एखाद्या खऱ्या, दोन-तीन वर्षं जुन्या अँड्रॉइडवर, स्टँडवर उभं राहून मोबाइल डेटावर उघडून बघा.

जुने फोटो

नवं सगळं बसलं की आधीचे फोटो त्याच जॉबमधून काढायचे. रात्री, 'नाइस' (कामाला मागचा नंबर देणारी कमांड) लावून, म्हणजे दुकानाचं अ‍ॅप अडत नाही. आधी त्या पाच अवघड साड्या, मग बाकी. पानं नव्या नावांकडे वळवल्यावरही जुन्या फाइली लगेच पुसू नका. गुगलच्या शोधात आणि गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत त्यांच्या लिंक फिरत असतात.

यात व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो सापडतीलच. एक्झिफ कोरं आणि लांब बाजू १६०० च्या आसपास किंवा कमी, अशी अट लावून यादी काढा. चार-दोन बरे फोटोही त्यात येतील, हरकत नाही. ती यादी साडीच्या क्रमांकासह काकांच्या मुलाला दिली: ज्या साड्या अजून कपाटात आहेत त्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात पुन्हा काढायचे आणि पॅनेलमधून चढवायचे. ज्या विकल्या गेल्या त्यांचे जसे आहेत तसे ठेवायचे. 'विदाउट एनलार्जमेंट' चालू असल्यामुळे त्यांची मोठी मापं तयारच होत नाहीत, तेव्हा 'सोर्ससेट'मध्ये फक्त असलेलीच मापं लिहिली जातात ना, एवढं एकदा बघून घ्या.